पंचायतीपर्यंत आलेले फायबर वाडीवर कधी पोचणार?

माननीय दूरसंचार मंत्री, भारत सरकार, यांना खुले पत्र

मंत्रिमहोदय,
सविनय नमस्कार.

भारतनेट ही ग्रामपंचायतींपर्यंत इंटरनेटसाठी फायबर, म्हणजे प्रकाशातून संदेश नेणारी काचेची केबल, पोचवण्याची केंद्राची योजना. तिने देशातल्या दोन लाखांहून अधिक ग्रामपंचायती ‘सेवेसाठी सज्ज’ केल्या, असे सरकार सांगते. आमची ग्रामपंचायत त्यांतलीच एक. आणि आमच्या ग्रामपंचायतीत फायबरची जोडणी असलेले घर एकही नाही. कागदावर यात काहीच विसंगत नाही, कारण मोजणी पंचायतीची होते, घराची होत नाही. आपल्याला लिहायचे कारण हेच.

सातारा जिल्ह्याच्या डोंगरी पट्ट्यातल्या एका गट ग्रामपंचायतीची मी सदस्य आहे. तीन महसुली गावे, त्यांच्या विखुरलेल्या वाड्या आणि वर सड्यावर धनगरवाडा, एवढा आमचा पसारा. पंचायतीचे कार्यालय डांबरी रस्त्याला लागून, गावठाणात. फायबर आले ते तिथवर. कार्यालयाच्या मागच्या खोलीत भिंतीला एक लोखंडी पेटी आहे. आत उपकरण, खाली बॅटऱ्या, छपरावर सौर पॅनेल. सगळे साहित्य चांगले आहे, बसवणाऱ्यांनी कामही नीटनेटके केले आहे. पण उपकरणावरचा एक बारका लाल दिवा सतत लुकलुकत असतो. केबलमधून प्रकाश येत नाही, म्हणजे वाटेत कुठेतरी ती तुटली आहे, असा त्याचा अर्थ. पेटीला कुलूप आहे, आणि किल्ली कोणाकडे हे ग्रामसेवक भाऊसाहेबांनाही ठाऊक नाही.

केबल कुठे तुटली ते मात्र सगळ्या गावाला ठाऊक आहे. घाटातल्या वळणावर रस्ता रुंद करताना जेसीबीने ती उचकटली. त्यानंतर त्याच साइडपट्टीत पाण्याच्या पाइपाची चारी खणली गेली, आणि उरलेली केबलही वर आली. नियमाप्रमाणे ती १.६५ मीटर खोल असायला हवी. कातळात तेवढे खोदणे सोपे नाही, हे डोंगरात राहणाऱ्यांना कोणी सांगायला नको. जिथे खोदता येत नाही तिथे ती खांबांवरून न्यावी. पण वीतभर मातीखाली झाकून ‘पूर्ण’ असा शेरा मारला, तर पहिल्याच पावसाळ्यात ती उघडी पडणार, आणि इथे तसेच झाले. तालुक्यापासून निघालेली ही केबल एका पंचायतीतून दुसरीत, दुसरीतून तिसरीत अशी सरळ जाते. त्यामुळे एका वळणावर तुटली की पुढच्या साऱ्या पंचायती एकदमच बंद पडतात.

सुधारित भारतनेटमध्ये हा दोष मान्य करून पंचायती वर्तुळाकार जोडायचे ठरले आहे, म्हणजे एका बाजूने केबल तुटली तरी दुसऱ्या बाजूने संपर्क टिकावा. निर्णय योग्य आहे आणि त्याबद्दल मनापासून आभार. फक्त हे शहाणपण यायला किती वर्षे गेली ते पाहा. राष्ट्रीय ऑप्टिकल फायबर नेटवर्कला मंत्रिमंडळाची मंजुरी मिळाली ती २५ ऑक्टोबर २०११ रोजी. अडीच लाख ग्रामपंचायती दोन वर्षांत जोडायच्या होत्या. पुढे नाव भारतनेट झाले. पहिल्या टप्प्यातल्या एक लाख पंचायती उरकायला २०१७ साल उजाडले. दुसऱ्या टप्प्यात महाराष्ट्राने महानेट या नावाने काम स्वतःकडे घेतले. १५ ऑगस्ट २०२० रोजी पंतप्रधानांनी लाल किल्ल्यावरून सहा लाख गावे हजार दिवसांत जोडण्याची घोषणा केली. ते हजार दिवस मे २०२३ मध्ये संपले. मध्यंतरी १६ राज्यांसाठी खासगी भागीदारीचा घाट घातला गेला, पण निविदा भरायला कोणी पुढे आले नाही. मग ऑगस्ट २०२३ मध्ये १,३९,५७९ कोटी रुपयांचा सुधारित कार्यक्रम मंजूर झाला. योजना पहिल्यांदा मंजूर झाली तेव्हा जन्मलेली मुले आता हायस्कूलच्या शेवटच्या वर्गांपर्यंत आली आहेत.

या नव्या कार्यक्रमात पहिल्यांदाच घरांचा आकडा आला: पाच वर्षांत दीड कोटी ग्रामीण घरांना फायबर जोडणी. मी हा आकडा आमच्या पातळीवर उतरवून पाहिला. कार्यक्रमातल्या २.६४ लाख ग्रामपंचायतींना दीड कोटी जोडण्या वाटल्या तर एका पंचायतीच्या वाट्याला सरासरी सत्तावन्न येतात. २०११ च्या जनगणनेनुसार ग्रामीण भारतात १६ कोटी ७८ लाख कुटुंबे होती, आज ती त्याहून जास्तच असणार. म्हणजे जुना आकडा धरला तरी अकरा घरांमागे एक जोडणी.

आता ती सत्तावन्न घरे कोणती असतील? हे सांगायला ज्योतिषी लागत नाही. पंचायत कार्यालयाभोवतीची, रस्त्यालगतची, दुकानदारांची, पक्क्या बंगल्यांची. तिथे शंभर मीटर केबल ओढली की दहा घरे होतात. धनगरवाड्यावर तीच दहा घरे जोडायला तीन किलोमीटर खांब उभे करावे लागतील. कंत्राटदाराला दोन्हीकडे जोडणीमागे सारखाच दर मिळणार असेल, तर वर चढायला तो कशाला जाईल? त्याला मी दोष देत नाही. दर आणि मोजमाप सरकार ठरवते, आणि माणूस जे मोजले जाते तेच करतो.

विजेच्या बाबतीत हा देश या वाटेने एकदा गेलेला आहे. दहा टक्के घरांत आणि शाळा, पंचायत, दवाखाना अशा सार्वजनिक जागी वीज पोचली की गाव ‘विद्युतीकृत’ धरले जायचे. नव्वद टक्के घरे अंधारात असली तरी गावाचे नाव यादीतून कमी व्हायचे. २०१७ मध्ये सौभाग्य योजना आली, तेव्हा गावाऐवजी घर मोजायला सुरुवात झाली आणि वाड्यावस्त्यांवर मीटर लागले. जल जीवन मिशननेही सुरुवातीपासून घरातला नळ मोजला. त्यातले आकडे किती खरे, यावर गावोगाव वाद आहेत, पण निदान वाद घालण्यापुरता तरी गावाचा आकडा संकेतस्थळावर दिसतो. मग भारतनेटचा हिशेब पंचायतीच्या पेटीपाशीच का थांबावा?

मंत्रिमहोदय, ‘गावातल्या लोकांना एवढ्या वेगाचे काम काय’ असे बोलून दाखवणारे अधिकारी मला भेटले आहेत. त्यांना माझे सांगणे असे की, इंटरनेट आम्ही मागण्याआधी सरकारने आमच्याकडे मागितले. पिकाची नोंद शेतकऱ्याने स्वतः ई-पीक पाहणीच्या ॲपवर करायची. रेशन घ्यायचे तर यंत्रावर अंगठा, आणि सर्व्हर मिळेपर्यंत रांगेत उभे राहायचे. रोजगार हमीच्या मजुरांची हजेरी दिवसातून दोनदा फोटो काढून ॲपवर. अंगणवाडी सेविकेची नोंद पोषण ट्रॅकरवर. शिष्यवृत्तीचा अर्ज महाडीबीटीवर, शेतकरी ओळख क्रमांक ऑनलाइन, लाडकी बहीण योजनेची ई-केवायसी ऑनलाइन. ई-केवायसीच्या वेळी आमच्या वाडीतल्या बायका रात्री जेवणे आटोपून टेकाडावरच्या वडापाशी जमायच्या, कारण रेंज तिथेच मिळते आणि उशिरा संकेतस्थळावर गर्दी कमी असते. ओटीपी यायचा, पान उघडेपर्यंत त्याची मुदत संपायची, की पुन्हा पहिल्यापासून. साठी ओलांडलेल्या एक काकू बॅटरीच्या उजेडात आधारचा क्रमांक वाचून दाखवत होत्या आणि त्यांची नात तो टाइप करत होती. यातल्या कित्येक योजना राज्याच्या आहेत, आपल्या खात्याच्या नाहीत, हे मला कळते. पण खालून पाहताना सरकार एकच दिसते. एका खात्याने सक्ती करायची आणि दुसऱ्याने सोय करायची राहून जायची, याचा भुर्दंड त्या काकूंना पडतो. तालुक्याला जायचे एसटीचे भाडे, बुडालेली मजुरी आणि सेवा केंद्रावरचे पैसे, असे सगळे मिळून.

मोबाइलवर भागवा, हे उत्तर आम्ही खूप ऐकले. आमच्या खोऱ्याला टॉवर एक. संध्याकाळी सगळे त्याच्यावर आले की पान हलत नाही. वीज गेली की काही तासांत टॉवरची बॅटरी उतरते, आणि पावसाळ्यात वीज जाते ती दिवसदिवस. शिवाय टॉवरलाही मागून फायबरच लागते. तेच नसेल तर पाटीवर फोर-जी लिहा की फाइव्ह-जी, वेग तोच. उपग्रहाच्या इंटरनेटचीही आता चर्चा आहे. एखाद्या तुटक्या पाड्यावर त्याचा उपयोग होईल, जरूर द्या. पण त्याच्या भरवशावर केबलचे काम मागे ढकलू नका. काचेची ही तार एकदा घरात आली की दोन टोकांची उपकरणे बदलून वेग वाढवता येतो, पुन्हा खोदावे लागत नाही. आणि वेगाचे म्हणाल, तर २०२३ पासून २ एमबीपीएसच्या जोडणीलाही आपले नियम ब्रॉडबँडच म्हणतात. एका घरात एका मुलाचा ऑनलाइन तास आणि दुसऱ्याचा प्रवेश अर्ज एकाच वेळी चालू असेल, तर तेवढ्यात भागत नाही.

आणखी एक गोष्ट आहे, ती दिल्लीत कदाचित कोणाच्या लक्षात आली नसेल. २०२५ च्या अर्थसंकल्पात ग्रामीण भागातल्या सर्व सरकारी माध्यमिक शाळांना आणि प्राथमिक आरोग्य केंद्रांना भारतनेटमधून ब्रॉडबँड देण्याची घोषणा झाली. महाराष्ट्रात जिल्हा परिषदेच्या शाळा बहुतेक प्राथमिक. खेड्यातले हायस्कूल असते ते बहुधा खासगी संस्थेचे, अनुदानित. ‘सरकारी’ या शब्दावर बोट ठेवले तर आमची बहुसंख्य हायस्कुले या घोषणेतून बाद होतात. तिथे आमचीच मुले शिकतात, शिक्षकांचा पगार सरकारच देते. त्या वाक्यात ‘अनुदानित’ एवढा शब्द वाढवून घ्यावा.

पैसा नाही, असे तर म्हणता येणार नाही. दूरसंचार कंपन्यांच्या समायोजित महसुलातून पाच टक्के रक्कम सार्वत्रिक सेवेसाठी घेतली जाते. त्या निधीला आता डिजिटल भारत निधी म्हणतात. कंपन्यांचा महसूल आमच्या रिचार्जमधूनच येतो. वडाखाली उभे राहून रिचार्ज मारणारी बाईसुद्धा या निधीत भर घालते आहे.

अडचणी मला दिसत नाहीत असे नाही. बांधकाम विभाग, वन विभाग, जिल्हा परिषद, ज्याच्या हद्दीतून केबल जाते त्याची परवानगी लागते. १ जानेवारी २०२५ पासून मार्गाधिकाराचे, म्हणजे दुसऱ्याच्या हद्दीतून केबल नेण्याच्या परवानगीचे, नवे नियम लागू झाले, त्याने हे सोपे व्हावे. पण टाकलेली केबल टिकवणे हे टाकण्यापेक्षा अवघड काम आहे. खोदण्याआधी सूचना देण्यासाठी सरकारनेच २०२३ मध्ये ‘कॉल बिफोर यू डिग’ हे ॲप आणले. आमच्या घाटात खोदणाऱ्या कोणाच्याही तोंडून मी त्याचे नाव ऐकले नाही. ॲपवर नोंद केल्याचा पुरावा जोडल्याशिवाय रस्त्याच्या किंवा पाण्याच्या ठेकेदाराचे बिल निघणार नाही, एवढी अट घातली तर निम्मे तुटणे थांबेल असे मला वाटते.

आणि तुटलीच तर जोडायला जिल्ह्याच्या गावाहून माणूस येण्याची वाट का पाहायची? आमच्याकडे आयटीआय झालेली मुले पुण्या-मुंबईला जाऊन हेच काम करतात. एक जण सुट्टीत आला होता, तेव्हा त्याने मला केबल कशी जोडतात ते सांगितले. केसाएवढ्या बारीक दोन तारा सोलायच्या, पुसायच्या, टोके सरळ कापायची आणि यंत्रात समोरासमोर ठेवायची. पडद्यावर त्या मोठ्या दिसतात, ठिणगी पडते आणि काच काचेला चिकटते. यंत्र महाग असते, पण तीन-चार पंचायतींत मिळून एक पुरेल. गावातल्याच उद्योजकाकडे जोडण्या आणि देखभाल सोपवण्याची योजना आपल्याकडे आहेच. ती रस्त्याकडच्या गावांपुरती ठेवू नका, त्या मुलांना परत यायला कारण मिळेल.

माझे मागणे मोठे नाही. पंचायत ‘सज्ज’ आहे हे सांगणे बंद करून, चालू असलेली घरजोडणी मोजा, आणि तीही वाडीनिहाय. महसुली गावाच्या नावाखाली वाड्या-पाडे-तांडे झाकले जातात, म्हणून त्यांची नावे यादीत वेगळी दिसू द्या. महिन्यातून किती दिवस जोडणी बंद होती, तेही त्याच यादीत येऊ द्या. लांबच्या घराच्या जोडणीला जवळच्यापेक्षा जास्त दर द्या, आणि टोकाच्या वस्तीवर केबलमधून प्रकाश पोचल्याशिवाय पंचायतीचे शेवटचे बिल काढू नका. आमच्या वाट्याला जी सत्तावन्न किंवा जितक्या जोडण्या येतील, त्या कोणत्या घरांना द्यायच्या याचा प्रस्ताव आधी ग्रामसभेपुढे ठेवावा, असा आदेश आपल्या खात्याने काढावा. पहिल्या जोडण्या धनगरवाड्याला द्याव्यात असे मी त्या सभेत मांडणार आहे. गावठाणातले काही जण विरोध करतील. तो वाद आम्ही गावात मिटवू, पण वाद घालायला यादी तरी आमच्या हातात यायला हवी.

तोपर्यंत, मागच्या खोलीतल्या त्या पेटीची किल्ली कोणाकडे आहे, एवढे आपल्या कार्यालयाने पंचायतीला लेखी कळवावे ही विनंती.

आपली विश्वासू,
एक ग्रामपंचायत सदस्य, जिल्हा सातारा