रविवारची फेरी : राजा बहादूर मिल परिसर

सर्व सभासदांना नमस्कार,

येत्या रविवारी सकाळी ७ वाजता पुणे स्टेशनच्या मुख्य प्रवेशद्वाराबाहेर जमायचे आहे. तिथून चालतच राजा बहादूर मिल रोडला जाऊ. गिरणी केव्हाच थंडावली, रस्त्याचे नाव मात्र टिकून आहे.

गिरणी स्टेशनालगतच का, हे आधी लक्षात घ्या. खंडाळा ते पुणे रेल्वे १८५८ मध्ये सुरू झाली, बोरघाटातला चढ १८६३ मध्ये जोडला गेला आणि मुंबईपर्यंत सलग गाडी धावू लागली. कापसाच्या गाठी, कोळसा, यंत्रं, तयार कापड, सगळी ने-आण रेल्वेनेच. म्हणून जागा रुळांजवळची.

जुन्या कापडगिरण्यांचे छप्पर करवतीच्या दात्यांसारखे असे. काचा उत्तरेकडे, म्हणजे ऊन थेट आत येत नाही. दिवसभर एकसारखा उजेड मिळतो आणि मागावर तुटलेला धागा चटकन दिसतो. हवा कोरडी पडली की सूत जास्त तुटते, त्यामुळे खात्यात मुद्दाम ओलावा राखावा लागे. दमट मुंबईच्या मानाने पुण्याला ही कटकट जास्तच!

आवार खासगी आहे. परवानगीशिवाय आत शिरू नये. पहारेकऱ्यांशी हुज्जत तर अजिबात नको. घरात कुणी गिरणीत काम केलेले असेल तर त्यांना आवर्जून आणा, भोंग्याच्या आणि पाळ्यांच्या गोष्टी त्यांच्याच तोंडून ऐकू.

येणाऱ्यांनी शुक्रवार रात्रीपर्यंत ग्रुपवर नाव टाकावे. फेरीनंतर चहा ज्याचा त्याने.