आई-बाबा, तो सुट्टीत येतोय त्याआधी हे वाचा

आई, बाबा,

यावेळी तुमचा नातू तुमच्याकडे एकटाच राहायला येतोय, आम्ही दोघं सोबत नाही, म्हणून हे लिहून पाठवतेय. फोनवर तो शेजारीच असतो आणि हा लघवी गळण्याचा विषय निघाला की गुपचूप उठून आत जातो, ११ वर्षांचा झालाय, त्याला सगळं कळतं.

आई, तू विचारत होतीस की मोठा झाला की सुटेल ना हे. नाही गं, ही सवय नाहीये. स्पायना बिफिडामध्ये, म्हणजे पाठीचा कणा जन्मतःच पूर्ण बनलेला नसतो त्या आजारात, मणक्यातून मूत्राशयाकडे जाणाऱ्या नसाच जन्मापासून नीट काम करत नाहीत, त्यामुळे लघवी भरलीय हे त्याला कळत नाही आणि कळलं तरी धरून ठेवणं त्याच्या हातात नाही. म्हणून दर ३-४ तासांनी कॅथेटर, म्हणजे लघवी काढायची बारीक नळी. बाबा, तुम्हाला त्या नळीने इन्फेक्शन होईल अशी धास्ती वाटते ना, तर जॅक लॅपिडेस नावाच्या अमेरिकन युरॉलॉजिस्टने १९७२ मध्येच मांडलं होतं की हात धुऊन, स्वच्छ नळीने, वेळच्या वेळी मूत्राशय रिकामं करणं महत्त्वाचं, लघवी आत तुंबून राहण्यातच खरा धोका आहे. ते तो स्वतः करतो आणि छान करतो. तुम्ही फक्त वेळ टळू देऊ नका.

तरी मधे थोडं गळतंच, जोरात हसला, खोकला आला की, आणि रात्री जास्त. त्यासाठी डायपरसारखं घालायला बरं काही शोधताना आमचा जीव अगदी मेटाकुटीला आला होता, कारण लहान मुलांचं सगळ्यात मोठं साइज त्याच्या मांडीत रुतायचं आणि मोठ्यांचं स्मॉल कमरेला ढगळ, या वयाच्या मुलांचा कोणी विचारच करत नाही का असं वाटायचं. शेवटी पाकिटावरचं वय बघणं सोडलं आणि टेपने कंबर आणि नितंब मोजून जे माप मोठं त्यावरून साइज घ्यायला लागलो. जाड म्हणजे चांगलं हेही खरं नाही, बहुतेक वेळा मांडीपाशी फट राहते म्हणून गळतं, ते पूर्ण भरलंय म्हणून नाही.

आणि निवड त्याची त्याने केलीय बरं का. सगळी सॅम्पल्स घेऊन खोली बंद करून बसला, एकेक घालून वर शाळेची पँट चढवायचा, बाहेर येऊन वाकायचा, खुर्चीवर बसायचा, परत उठायचा आणि मला विचारायचा, मागून दिसतंय का, चालताना आवाज येतोय का. ज्याचा कागदासारखा आवाज यायचा ते त्याने सरळ बाजूला टाकलं, कितीही शोषून घेत असलं तरी. मला ते अगदी बरोबर वाटलं, वर्गात बसायचं त्याला आहे.

आता दिवसा तो कपड्यासारखं मऊ पुलअप, म्हणजे चड्डीसारखं वर ओढायचं डायपर घालतो, आणि रात्री बाजूला टेपा असलेलं, कारण कुशीवर झोपला की पुलअप कमरेच्या बाजूने गळतं. टेपवाल्याच्या खालच्या टेपा आधी लावायच्या, जरा वरच्या दिशेने तिरक्या, आणि मांडीपाशी जी झालर असते ती आत दुमडलेली राहू द्यायची नाही. रात्री आत एक जास्तीचा पॅडही असतो, तो मी देतेय तोच वापरा, त्याला खाली प्लास्टिक नाही. प्लास्टिकवाला घातला तर वरचा पॅड भरून वाहतो आणि खालचं कोरडंच राहतं.

आता सगळ्यात महत्त्वाचं. त्याला तिथे स्पर्श नीट कळत नाही, त्यामुळे ओलं झालंय किंवा इलॅस्टिक काचतंय हे तो सांगूच शकत नाही. कॅथेटरच्या वेळेला तो बदलून घेतो आणि रात्री अंघोळीनंतर छोट्या आरशात जांघा आणि मागची बाजू बघतो. इलॅस्टिकचा लाल वळ अर्ध्या तासात गेला तर ठीक, राहिला तर मला लगेच फोन करा, कितीही वाजलेले असोत. क्रीमचा अगदी पातळ थर बोटाने लावायचा, आई तू मायेने थापशील पण जाड थर दिला की पॅड शोषतच नाही. सुगंधी वाइप्स नकोत, साधं पाणी आणि टिपून कोरडं. आणि बाबा, फुगे आणू नका प्लीज, रबरी हातमोजेही नकोत, या मुलांना लॅटेक्सची, म्हणजे त्या रबराची ॲलर्जी व्हायची शक्यता खूप असते.

पाणी मात्र तोडू नका. कमी प्यायला की लघवी घट्ट होते, वास येतो, पोट साफ होत नाही आणि पोट साफ नसलं की गळणं उलट वाढतं.

पाहुणे असताना ओलं झालं का असं विचारू नका, नुसतं वेळ झाली रे एवढं म्हणा, तो समजतो. गादीवर चादरीखाली वॉटरप्रूफ कव्हर घालून ठेवा, सकाळी चादर ओली दिसली तर तो स्वतःच मशीनमध्ये टाकेल, त्याला टाकू दे. बाथरूमच्या दाराची कडी एकदा तपासून घ्या आणि आत झाकणाचा डबा ठेवा.

पाकिटं मी आधीच पाठवतेय, साध्या खोक्यात येतील. त्याच्या कपाटात खालच्या कप्प्यात ठेवा, मागायला न लागता त्याचा हात पोचेल असं.

तुमची लेक