‘प्राइस?’ ते खुर्ची

मा. संपादक,
स. न.

आपल्या रविवारच्या पुरवणीत छोट्या दुकानदारांनी ‘ऑनलाइन’ कसं व्हावं यावर लेख आला होता. इन्स्टाग्रामवर खातं उघडा, रोज एक रील टाका, गिऱ्हाईक आपोआप दारात येईल, असा एकंदर सूर. त्यातल्या ‘आपोआप’ या शब्दापायी हे पत्र लिहितोय. साताऱ्यात गोडोलीला आमचं सलून आहे. आजोबांचं, मग वडिलांचं, आता माझं. जेंट्सचं मी बघतो, पार्टिशनपलीकडचं लेडीज सेक्शन बायको बघते. दोन खुर्च्या इकडं, दोन तिकडं.

मागच्या वर्षी तुळशीचं लग्न उरकल्यावर, लग्नसराईच्या तोंडावर, आम्ही एक रील टाकलं. कमरेपर्यंतचे कुरळे केस, स्मूदनिंगच्या आधी आणि नंतर. पाठमोरी मुलगी, कंगवा टाळूवरून निघतो आणि कुठंही न अडता खाली येतो, एवढंच. चाळीस हजारांवर लोकांनी बघितलं. मोबाइल रात्रभर वाजत होता. बायको म्हणाली, आता अजून एक मुलगी कामाला ठेवावी लागणार. त्या आठवड्यात रील बघून खुर्चीत किती जणी बसल्या? दोन. त्यातली एक माझ्या मावसभावाची मेव्हणी. ती तशीही आलीच असती.

मग एका रात्री दोघं सगळं वाचत बसलो. कमेंटमध्ये बहुतेक एकच शब्द, ‘प्राइस?’. कुणी पाटण्याहून विचारतंय, कुणी नागपूरहून. ते सोडून द्या, कटिंगसाठी नागपूरहून कोण येतंय. पण इनबॉक्समध्ये वाईच्या, कोरेगावच्या, अगदी पोवई नाक्यावरच्याही मुली होत्या. त्यांना आमचं उत्तर गेलेलं, ‘रेट केसांच्या लांबीवर आहे, सलूनला भेट द्या.’ यात खोटं काहीच नव्हतं. पण बाई विचारते किती, आणि आपण सांगतो या म्हणजे सांगू. साडीच्या दुकानदारानं असं सांगितलं तर आपण त्याची पायरी चढू का? त्यात उत्तर जायचं रात्री अकराला, कारण दिवसभर हात रंगात नाहीतर फेसात. सकाळी विचारणाऱ्या मुलीनं तोवर दुसरीकडं वेळ घेतलेली असायची.

त्याआधी आम्ही एका एजन्सीला तीन महिन्यांचे पैसे मोजून बसलो होतो. त्यांनी फॉलोअर वाढवून दिले, हे खरं. ते कुठले होते ते मात्र विचारू नका. साताऱ्याची एसटी माहीत नसलेले फॉलोअर सलूनवाल्याच्या काय कामाचे? आमचा धंदा फार तर तीस-पस्तीस किलोमीटरचा. त्यापलीकडच्या लाइकनं दुकानाचं भाडं निघत नाही.

मग बदल केला तो बायकोनं. दुपारी दीड ते तीन गिऱ्हाईक तसंही कमी असतं. त्या वेळात ती हात धुऊन, जेवण बाजूला ठेवून आधी मेसेज बघते. मधल्या वेळेसाठी व्हॉट्सअॅप बिझनेसवर आपोआप जाणारा मेसेज लावलाय, ‘दुपारी दीडनंतर उत्तर देते, तोवर केसांचा मागून काढलेला फोटो पाठवून ठेवा.’ या फोटोनं निम्मं काम झालं. फोटो बघून ती सरळ आकडा सांगते. खांद्यापर्यंत एवढ्यापासून, कमरेपर्यंत एवढ्यापर्यंत, बसायला तीन ते चार तास. आणि शेवटचं वाक्य नेहमी तेच, ‘गुरुवारी साडेअकरा आणि शुक्रवारी तीन मोकळं आहे, ताई, कुठलं ठेवू?’ आधी आम्ही विचारायचो, कधी येताय? त्यावर उत्तर ठरलेलं, ‘सांगते.’ आता दोनातली एक वेळ निवडायची म्हटल्यावर ‘शुक्रवार चालेल’ असं येतं. नाहीतर ‘नको’ येतं. नकोसुद्धा परवडतं, वही मोकळी राहते.

वेळ देण्याआधी कालनिर्णय बघावं लागतं. हे कुठल्या मार्केटिंगवाल्यानं आम्हाला सांगितलं नव्हतं. मंगळवार, शनिवार, अमावस्या, कुणाचा जन्मवार, या दिवशी केसाला कात्री लावत नाहीत अशी घरं आमच्याकडं भरपूर. मुलगी घाईत हो म्हणते, घरी गेल्यावर सासूबाई म्हणतात आज अमावस्या, की वेळ गेली. केराटिनचं, म्हणजे केस मऊ-सरळ करायच्या ट्रीटमेंटचं, तर वेगळंच. आम्ही वापरतो त्यात तीन दिवस डोक्यावरून पाणी घ्यायचं नसतं. बुधवारी केलं आणि शुक्रवारी घरात पूजा निघाली, नहाणं आलं, की पैसे पाण्यात आणि बोल आम्हाला. म्हणून मेसेजमध्येच विचारतो, पुढच्या तीन दिवसांत काही कार्य आहे का.

दुसरा प्रश्न मेंदीचा. नुसती मेंदी असेल तर तिच्यावर फिकट रंग उठून येत नाही. आणि पुडीतल्या काही मेंद्यांमध्ये धातूंचे क्षार असतात, त्यावर ब्लीच किंवा पेरॉक्साइड पडलं की केस गरम होतात, तुटतात. बऱ्याच गडद रंगांत पीपीडी नावाचं रसायन असतं, त्याची ॲलर्जी कुणाला निघेल सांगता येत नाही. म्हणून पहिल्यांदा रंग करणाऱ्या बाईला दोन दिवस आधी कानामागं थेंबभर लावून घ्यायला फुकट बोलावतो. मला वाटलं होतं, दोनदा कोण येणार, गिऱ्हाईक तुटेल. झालं उलटंच. जी थेंब लावायला पाच मिनिटं आली, तिनं खुर्ची बघितली, टॉवेल धुतलेले बघितले, ती बहुतेक वेळा परत येतेच.

आता पैशाचं. मोठ्या कामाला आम्ही दोनशे रुपये यूपीआयवर आगाऊ घेतो, बिलात वळते करतो. आदल्या दिवशी कळवलं तर परत. सुरुवातीला जीभ रेटत नव्हती. गावात निम्मे लोक ओळखीचे, ‘आमच्यावर विश्वास नाही का?’ असं ऐकावं लागतं. पण चार तासांची खुर्ची रिकामी ठेवून वाट बघायची आणि पाच वाजता ‘आज नाही जमणार हं’ आलं, की त्या दिवशीची कमाई गेली. त्या वेळेसाठी आपण चार जणींना नाही म्हटलेलं असतं. दोनशे रुपये ही रक्कम काही मोठी नाही, पण ती पाठवली की येणं ठरतं.

एक चूक कबूल करतो. एका वहिनींचा फोटो न विचारता टाकला होता. चेहरा अर्धाच दिसत होता, पण घरच्यांनी ओळखला. त्या नंतर आल्याच नाहीत, आणि त्यांच्यामागं त्यांच्या दोन जावाही नाहीत. तेव्हापासून विचारल्याशिवाय फोटो नाही, आणि टाकला तर पाठमोराच.

गुगलचीही एक गंमत. आमचं सलून सोमवारी बंद असतं, नकाशावर मात्र सातही दिवस उघडं. कोरेगावहून एक काकू एसटीनं येऊन बंद शटरचा फोटो टाकून गेल्या, सोबत एक स्टार. नंबरही वडिलांच्या वेळचा लँडलाइनचा होता, जो कधीच बंद झालाय. म्हणजे आम्ही इकडं रील बनवत होतो आणि तिकडं लोक बंद फोनवर घंटी वाजवत होते. वार, वेळ, नंबर, नकाशावरची पिन दुरुस्त करायला अर्धा तास लागला, पैसा एकही नाही. रोज रील टाकण्याआधी हा अर्धा तास घालवा, असं आपल्या लेखात एका ओळीत यायला हवं होतं.

वेळ घेऊन सलूनमध्ये जायचं हे लोकांच्या अंगवळणी पडायला लॉकडाउन उपयोगी पडला. 28 जून 2020 पासून राज्यात सलून उघडायला परवानगी मिळाली ती मुळात अपॉइंटमेंट घेऊनच. वडील तेव्हा हसले होते. म्हणाले, यात नवीन काय? त्यांचे वडील सलून टाकण्याआधी गावाकडं बलुत्यावर होते. कुठल्या वाड्यावर कुठल्या वारी जायचं हे ठरलेलं, आणि सुगीला धान्य मिळायचं ते त्यावरच. घर चुकलं तर बोलणी खायला लागायची, वेळ चुकली तरीही. वही नव्हती, पण आजोबांना वार तोंडपाठ होते. आम्ही मध्ये ते विसरलो, बाकड्यावर ‘बसा, दोनच आहेत पुढं’ म्हणायची सवय लागली. त्या बाकड्यानंच माझी रविवारची अर्धी गिऱ्हाइकं पळवली.

जीएसटीबद्दलही हल्ली इनबॉक्समध्ये विचारतात. 22 सप्टेंबर 2025 पासून सलूनचा कर 18 टक्क्यांवरून 5 वर आला, मग तुमचे रेट का नाही उतरले? आमची वर्षाची उलाढाल वीस लाखांच्या आत, आम्ही जीएसटी लावतच नव्हतो, तर कमी काय करणार? हे दोन ओळींत समजावलं की लोक ऐकतात. नुसतं ‘रेट तेच आहेत’ म्हटलं की गप्प होतात आणि दुसरीकडं जातात.

वाचकांना एक विनंती. वेळ घेतलीत आणि यायला जमत नसेल तर सकाळीच एक मेसेज टाका. रागावणार नाही. शुक्रवारची तीनची वेळ मागून ‘बघते’ म्हणालेल्या दोघी अजून वहीत पेन्सिलीनं लिहून ठेवल्यात.

आपला,
एक सलूनचालक, सातारा
(नाव छापू नये ही विनंती. एजन्सीवाले याच रस्त्यानं जातात.)