हळदीच्या कागदासाठी थँक्यू, ताई!

ताई, ग्रुपवर नुसता हात जोडलेला इमोजी टाकून माझं समाधान होईना, म्हणून इथे सगळ्यांसमोरच लिहितेय.

कोथरूडमधल्या आमच्या लेकीच्या बालवर्गात तुम्ही यायच्या आधी क्राफ्ट म्हणजे काय, तर आईने रात्री जागून अप्पा बळवंत चौकातून आणलेले ग्लेझ पेपर चिकटवायचे आणि पोरांनी ते सकाळी मिरवत न्यायचे. तुम्ही ते बंदच केलंत, त्याबद्दल तर डबल थँक्यू 😄

पालकांना बसवून घेतलंत ना, तो हळदीचा तास माझ्या डोक्यातून जात नाहीये. हळदीच्या पाण्यात बुडवून वाळवलेला कागद, कापसाची काडी, वाटीत धुण्याच्या साबणाचं पाणी, बास. "काय होईल गं?" एवढंच विचारलंत आणि गप्प बसलात. कोणी म्हणालं निळं होईल, कोणी म्हणालं फाटेल, आणि पहिली रेघ लाल उमटल्यावर एक पिल्लू एकदम गंभीर होऊन म्हणालं, "कागदाला खरचटलं!" मग लिंबू पिळून ते "बरं" करायची जी झुंबड उडाली, कारण लाल परत पिवळं होतं ना. शर्टावरचा हळदीचा डाग साबण लागला की लाल होतो हे आपण रोज बघतो, पण मला कधी त्याचं चित्र काढावंसं वाटलं नव्हतं. कुंकूसुद्धा हळदीचंच करतात हे दाखवायला तुम्ही चुना कालवलात, तोही स्वतःच्याच हाताने, पोरांपासून लांब ठेवून, हे मला फार आवडलं.

खडूचा प्रयोग तर घरी रोज चालू आहे. पांढऱ्या खडूला काळ्या स्केचपेनचं कडं काढायचं, कड्याच्या खाली येईल इतपतच पाण्यात उभा करायचा, पाणी चढतं तसा काळ्यातून निळा, गुलाबी असे रंग सुटे होतात. परमनंट मार्कर मात्र ढिम्म हलत नाही, लेकीने बाबाला ते समजावून सांगितलं.

अरविंद गुप्तांच्या टाकाऊतल्या खेळण्यांचे व्हिडिओ तुम्ही सुचवलेत, ते बघतोय. पुण्यात राहून आयुका या खगोलशास्त्राच्या संस्थेतली मुक्तांगण विज्ञान शोधिका आम्ही बघितलेली नाही, म्हणजे कमालच.

आणि हो, रंग बदलायच्या पुढच्या प्रयोगाला गोकर्णाची फुलं हवी होती ना? आमच्या सोसायटीच्या कुंपणावर ढीगभर निळी आहेत, सोमवारी डब्याबरोबर पाठवते. लिंबं तुम्ही आणा.