धरण खोल आहे म्हणून मासा पण खोल असतो असं नाही

मा. संपादक साहेब, नमस्कार.

गेल्या रविवारच्या पुरवणीत धरणावर गळ टाकून मोठे मासे कसे पकडायचे यावर लेख आला होता, आवडला, फोटो पण झकास, पण एक वाक्य वाचून राहवलं नाही म्हणून लिहितोय. लेखक म्हणतात धरण जेवढं खोल तेवढा मोठा मासा तळाला, म्हणून जड शिसं लावा आणि जमेल तेवढं लांब फेका. साहेब, मी हेच चार वर्षं केलं. पानशेतला, वरसगावला, शनिवार रविवार, दोन दोन रॉड लावून, टोकाला घुंगरू बांधून. घुंगरू वाजलं ते वाऱ्याने. घरचे म्हणायला लागले की मंडईतून आणलेला राहू स्वस्त पडतो, आणि पेट्रोल धरलं तर ते खरंच होतं.

आता या दोन्ही धरणांची भिंत ६० मीटरच्या वर आहे. एप्रिल-मेमध्ये वरचं पाणी तापतं, खालचं गार राहतं, दोन्ही एकमेकांत मिसळत नाहीत आणि खाली कुजणाऱ्या पाल्याने तिथला प्राणवायू संपत जातो. तिथे मासा कशाला थांबेल? त्यात आपण 'मासा मासा' म्हणतो पण प्रत्येकाची जेवायची जागा वेगळी. कटल्याचं तोंड बघा, वरच्या बाजूला वळलेलं, तो वरच्या थरातले बारीक जीव गाळून खातो. राहू मधल्या पाण्यात. मृगळ आणि सायप्रिनस (म्हणजे कॉमन कार्प) तळ उकरणारे, पण तळ म्हणजे काठालगतचा, दहा पंधरा वीस फुटाचा, जिथे ऊन पोचतं आणि किडे-गांडुळं असतात. शंभर फुटावरच्या काळ्या गाळात त्यांचं काही काम नाही.

मग जागा शोधायची कशी? मला हे एका तात्यांनी शिकवलं. मोसे खोऱ्यातले, वरसगावच्या पाण्यात त्यांचं घर-शेत गेलं, आता वय सत्तरीच्या पुढे. एकदा मी काठावर रॉड लावत होतो तर मागून आवाज आला, "अरे तिथं कशाला टाकतो, तिथं आमची विहीर आहे, अडकंल." मला वाटलं म्हातारबाबा चेष्टा करतायत. टाकला गळ, अडकला, शिसं गेलं, तंगूस (गळाची नायलॉनची दोरी) तुटली. मग गपचूप त्यांच्याजवळ जाऊन बसलो. त्यांनी बोटाने पाण्यावरच सगळं दाखवलं, ही खाचरं, हा बांध, इथनं बैलगाडीची वाट ओढ्यात उतरते, तिकडे आंब्याचं खोड आहे. पाण्याला पन्नास ठिकाणी सुरकुत्या पडल्यात एवढंच मला दिसत होतं. त्या बैलगाडीच्या वाटेच्या कडेला, काठापासून फार तर वीस मीटरवर, मला पहिला सायप्रिनस लागला.

तेव्हापासून मी मे महिन्यात रॉड न घेता धरणावर जातो. पाणी खाली गेलेलं असतं, सगळं उघडं पडतं. वहीत काढून ठेवायचं, काठावरचं कुठलं झाड आणि समोरचा कुठला डोंगर एका रेषेत धरला की बांध लागतो, खाचराची पायरी कुठे संपते, ओढा कुठून आत येतो. पाणी भरलं की मासा याच कडांनी फिरतो, उथळ खाचरात चरायला यायचं आणि खटका झाला की खाली सटकायचं. (गाळात मात्र उतरू नका, वरून वाळलेला दिसतो आणि मांडीपर्यंत आत घेतो, एक चप्पल माझी अजून तिथेच आहे.)

पावसाळ्यात ओढ्याचं तोंड धरा. राहू, कटला, मृगळ अंडी घालायला वाहतं पाणी शोधतात, साठलेल्या पाण्यात त्यांचं जमत नाही, म्हणून तर १९५७ साली मत्स्यशास्त्रज्ञ हिरालाल चौधुरींनी इंजेक्शन देऊन या कुळातल्या माशांचं प्रजनन करून दाखवलं आणि आज धरणात सोडलेलं बहुतेक बीज त्याच पद्धतीचं. सायप्रिनस तसा पाहुणा, पण त्याला नदीबिदी लागत नाही, काठाच्या गवताला अंडी चिकटवून मोकळा. दसऱ्यानंतर पाणी निवळलं की वारा ज्या काठावर आदळतो तिथे बसा, तोंडावर वारा घेऊन फेकायला त्रास होतो पण खाणं वाहून तिकडेच जातं.

कटल्यासाठी खोल पाण्यावर बसलात तरी आमिष वरच्या पाच-सहा फुटात ठेवा, फ्लोट (पाण्यावर तरंगणारं बूच) लावून. भाजलेलं बेसन, सातू, पाव असं मऊ, तोंडात विरघळणारं. कटला ओढत नाही, चोखतो. लांब टाकलेली तंगूस रबरासारखी ताणते, ते चोखणं काठावर कळतच नाही, घुंगराला तर नाहीच नाही. राहूसाठी आणखी खाली जायचं असेल तर फ्लोट पक्का बांधू नका, रॉडपेक्षा लांब दोरी लोंबली की फेकता येत नाही. तंगूसवर शिवणाच्या दोऱ्याची छोटी गाठ, खाली एक मणी, फ्लोट मोकळा सोडायचा, पाण्यात पडल्यावर तो सरकत गाठीपर्यंत येतो. खोली मोजायला नुसतं शिसं टाका आणि तंगूस सैल पडेपर्यंत आकडे मोजा. दोन मीटर बाजूला टाकल्यावर आकडे एकदम वाढले की समजा कड सापडली.

मासे जमवायला पाण्यात टाकतात त्या चाऱ्याचं पण सांगतो. शेंगदाण्याची पेंड, मक्याचा भरडा, थोडा गूळ, आणि तिथलीच चिकण माती, नाहीतर गोळा अर्ध्या वाटेत फुटतो आणि चिलापीचं (तिलापिया माशाचं) लग्नाचं जेवण होतं. आधी बादलीत गोळा टाकून बघा, लगेच फुटला तर माती वाढवा, पाच मिनिटं दगडासारखा बसला तर कमी करा. पाच किलो एकदम ओतणारे लोक बघितलेत, माशाचं पोट भरलं की तो गळाकडे का येईल?

आणि रीळचा ब्रेक कधी पूर्ण आवळून ठेवू नका, मासा ओढेल तशी तंगूस सुटली पाहिजे. मी चहा घ्यायला उठलो आणि बाराशेचा रॉड रीळसकट पाण्यात गेला, समोरून जाताना बघितला. मासा खालून वर येताना बुडबुड्यांची माळ दिसली तर घाबरू नका, हा पोटातली हवा तोंडाने सोडू शकतो, तेच ते. चारा भरायच्या स्प्रिंगला सहा-आठ गळ लावायची फॅशन आहे ती मला पटत नाही, एक गळ पुरतो, नाहीतर सोडायचा मासा डोळ्याला पोटाला फाटून जातो.

बऱ्याच धरणांवर मासेमारीचा ठेका सहकारी संस्थांकडे असतो, त्यांना विचारून परवाना घ्या, हे लेखात यायला हवं होतं.

उजनी धरणावर जाणाऱ्या वाचकांना मात्र माझाच एक प्रश्न आहे. तिकडे चिलापी एवढी माजलीय, तर तिच्या गर्दीतून कटल्यापर्यंत मऊ आमिष पोचवता तरी कसं? मी भिगवणच्या बाजूला दोनदा येऊन हात हलवत परत गेलोय. कोणी लिहिलं तर पुरवणीत जरूर छापा.

आपला,
एक गरवणारा वाचक, पुणे