पार्सल निघालंय, परत पाठवू नका

बोरिवली, २२ जून २०२५

तीर्थस्वरूप आई आणि बाबा यांना बयोचा शिरसाष्टांग नमस्कार.

फोनवर सांगता आलं असतं. पण फोनवर आई "बरं बरं" म्हणून फोन बाबांकडे देते आणि बाबा पावसाचे मिलिमीटर सांगतात. मूळ मुद्दा राहूनच जातो. म्हणून लिहितेय.

मुद्दा ग्लासांचा. एका नामांकित अमेरिकन बाईच्या घरातले म्हणून मी सहा जुने काचेचे ग्लास विकत घेतले. दादाने तुमच्या कानावर घातलंय हे वहिनीकडून कळलं. आकडा त्याने एक शून्य चढवून सांगितला असणार. तेवढे पडले नाहीत. नवा मोबाइल घ्यायचा होता तो घेतला नाही, त्या पैशांत बसले. जुना मोबाइल उत्तम चालतो, फक्त दुपारी एकदा चार्जिंगला लावावा लागतो. न्हाणीघराच्या फरशीचे पैसे मी वेगळे काढून ठेवलेत, त्यांना हात लावलेला नाही. पीएफलाही नाही. शिवाय गेल्या दिवाळीत मी सोनं घेतलं नव्हतं, तेही धरा. आता इतका हिशेब दिल्यावर बाबा म्हणणार, "एवढं समर्थन करतेय म्हणजे काहीतरी चुकलंय." चुकलेलं नाही.

ती बाई कोण ते सांगते, म्हणजे आईच्या डोळ्यांपुढे कुणी भलतीच नटी येणार नाही. आयरिस आफ्फेल. न्यूयॉर्कची. जन्म १९२१, म्हणजे आपल्या आजीच्या बरोबरीची. मोठे गोल काळे चष्मे आणि दोन्ही हातांत कोपरापर्यंत बांगड्या. आई, तुझ्या लग्नातल्या फोटोत नाहीत एवढ्या, आणि त्या रोज. नवऱ्याबरोबर तिने १९५० मध्ये कापडाची कंपनी काढली. जुन्या काळचे नमुने हुडकून तसंच कापड विणून घ्यायचं, हा धंदा. ट्रूमनपासून क्लिंटनपर्यंत नऊ अध्यक्षांच्या काळात व्हाइट हाउसच्या कामात तिचा हात होता. पण जगाला ती माहीत झाली २००५ साली, न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयाने तिच्या कपड्या-दागिन्यांचं प्रदर्शन मांडलं तेव्हा. तेव्हा ती ८४ वर्षांची होती. बाबा, तुमच्या आजच्या वयापेक्षा पाच वर्षांनी मोठी! सत्त्याण्णवाव्या वर्षी तिने मॉडेलिंगचा करार केला. जुन्या बाजारातली दोन दमड्यांची माळ आणि महागातला झगा एकत्र घालायची. गेल्या वर्षी १ मार्चला गेली, १०२ वर्षांची होऊन.

मूलबाळ नव्हतं. (आई, सुस्कारा टाकू नकोस. मी ऐकतेय.) या वर्षाच्या सुरुवातीला तिच्या वस्तूंचा लिलाव क्रिस्टीज या कंपनीने केला. माझे ग्लास त्यातले नव्हेत, त्यातलं काही घ्यायची माझी ऐपत नाही. फ्लोरिडातला एक लहानसा विक्रेता आहे. तिच्या तिकडच्या घरातले हे सहा ग्लास आपल्याकडे आले, असं त्याचं म्हणणं. त्याची सही-शिक्क्याची चिठ्ठी आहे. ऑफिसातली एक मैत्रीण तिकडून येत होती, तिने हातातल्या बॅगेतून आणले.

चिठ्ठी खरी कशावरून? तुम्ही हेच विचाराल, आणि मी आठवडाभर हाच विचार केला. बिननावाचे असेच ग्लास चौथाई किमतीत मिळाले असते. बाकीचे तीन हिस्से मी नावाचे मोजले, हे कबूल. लोक मोजतात. अँडी वॉरहॉल नावाच्या चित्रकाराने जुन्या बाजारातून गोळा केलेल्या बिस्किटांच्या बरण्या होत्या, आपल्या माजघरातल्या लोणच्याच्या बरण्यांइतक्याच साध्या. तो गेल्यावर १९८८ मध्ये त्या विकल्या गेल्या, अडीच लाख डॉलरच्या आसपास. बरणी तीच, वर मालकाचं नाव. चिठ्ठीचं खात्रीने सांगता येत नाही, पण काच हाताने फुंकलेली आहे हे मी तपासलं आहे. साच्यातल्या ग्लासाला अंगावर उभा सांधा असतो, नखाला लागतो. यांना नाही. बुडाला मधोमध एक खरखरीत व्रण आहे, फुंकणाऱ्याने दांडीवरून तोडून घेतल्याचा. मोड आलेल्या मुगाएवढा. आत बारीक बुडबुडे. आणि सहाही ग्लासांचं वजन वेगळं. मी स्वयंपाकघरातल्या काट्यावर ठेवून पाहिले, सगळ्यांत हलका आणि सगळ्यांत जड यांत चाळीस ग्रॅमचा फरक.

रंग म्हणाल तर गोटी सोड्याच्या बाटलीचा. थेट तोच. जत्रेतल्या. बाबा, तुम्ही नववीला भूगोल शिकवताना सांगायचात, वाळूत लोह असलं की काचेला हिरवी झाक येते, म्हणून कासार्ड्याची पांढरी सिलिका वाळू वेगळी आणि आपल्या आंजर्ल्याची काळपट वाळू वेगळी. मग पैसा फंडावर घसरायचात. प्रत्येकाने वर्षाला एक पैसा द्यायचा, त्या पैशांतून अंताजी काळ्यांनी १९०८ मध्ये तळेगावला काचेचा कारखाना उभा केला, आणि आपल्या पणजोबांनी पैसा दिला तो आंब्याच्या पेटीत ठेवून. ही पेटीची गोष्ट दर वर्षी थोडी वाढायची. मी वर्गात खाली मान घालून बसायचे, बापच मास्तर म्हणून. पण काचेचं वेड मला तिथूनच लागलं असणार. दोष द्यायचाच तर तुम्हीही वाटेकरी.

आई, आता तुझा मुद्दा. उष्टे. कुणी काय काय प्यायलं असेल त्यातून. असेल, मी नाही म्हणत नाही. पण मी ते तीनदा धुतलेत, एकदा कोमट मीठ-पाण्याने, दोनदा रिठ्याने, आणि तुझ्या समाधानासाठी देवघरातल्या तांब्यातलं गंगाजलही शिंपडलंय. आजी काचेचा कप माजघराच्या उंबऱ्याच्या आत येऊ द्यायची नाही, स्वतःचा चहा पितळी फुलपात्रातून घ्यायची, हे मला आठवतं. आणि तिच्याच घरात तू माहेरचे बारा गुलाबी सरबताचे ग्लास फडताळात लावलेस तेही आठवतं. पहिल्यांदा आजी बोलली, मग उन्हाळ्यात पाहुण्यांसमोर कोकम सरबत त्यातून गेलं आणि ती गप्प बसली. तू स्वतः मात्र कायम स्टीलच्या पेल्यातून. कधी एकदाही गुलाबीतून प्यायलेली तुला पाहिलेली नाही.

तेरा-चौदा वर्षांची असेन. श्रावणातली संध्याकाळ, वीज गेलेली, पडवीत प्रभाकर कंदील, त्याची काच मी राखेने पुसायची कारण माझाच हात आत जायचा. बाबांनी सात गुलाबी ग्लास पाटावर मांडले, पागोळीचं पाणी कमी-जास्त भरलं आणि पेन्सिलीने जलतरंग वाजवला. कौलांवरून एवढं पाणी कोसळत होतं तरी तो ऐकू यायचा. आई, तू आतून ओरडलीस, "माझे ग्लास!" आणि मग दारात येऊन उभी राहिलीस, पदराला हात पुसत. मी त्या दिवशी दोन वेळा जेवले. आणि हो, दुसऱ्या दिवशी "प" फुटला तो बोक्याने नाही. मी. तुकडे दुसऱ्या माडाच्या आळ्यात पुरलेत. बोका बिचारा मार खाऊन गेला.

निसर्ग वादळाचं तुम्ही मला कधी नीट सांगितलं नाहीत. ३ जून २०२०. मी इथे खिडकीपाशी, तुमचे फोन बंद, टीव्हीवर हर्णै-दापोली. पाचव्या दिवशी बाबांचा आवाज आला तो एवढाच, "आम्ही दोघं बरी आहोत, पोफळी गेल्या." मी म्हटलं, बाकी? आई म्हणाली, "बाकी काही नाही." दिवाळीत आले तेव्हा कौलं नवीन, आगर मोकळं आणि फडताळावर सरळ लक्ष्मीपूजनाचं सामान मांडलेलं. विचारलं तर म्हणालीस, "फुटले ग्लास, जाऊ दे, जुनेच होते." एक उरला होता, त्यात तू वाती ठेवतेस. मला यायला पाच महिने लागले. टाळेबंदी होती, पास मिळत नव्हता, सगळं खरं. तरी पाच महिने.

मी जुनी काच घ्यायला लागले ती त्यानंतर. तुम्हाला वाटतं ऑफिसातल्या बायकांच्या नादाने.

आता बाबा, तुमच्याशी. रागावू नका. मे महिन्यात आले तेव्हा पाहिलं, ओटीवर कुणी आलं की तुम्ही चहा नको म्हणता आणि नंतर आत येऊन त्या निळ्या प्लॅस्टिकच्या पेल्यातून घेता. फळ्यावर एका दमात डहाणूपासून रेडीपर्यंत किनारा काढायचात, खाड्यांसकट, तो हात. तो थरथरला तर थरथरू दे, त्यात लपवण्यासारखं काय आहे? इथल्या डॉक्टरीणबाईंनी सांगितलं की भांडं थोडं वजनदार आणि बुडाला रुंद असलं की पुष्कळांना धरायला बरं जातं. तसले खास पेले मिळतात. मी चित्रं पाहिली, दोन कानांचे, पांढरे, दवाखान्यातले. तुम्ही त्यांना हात लावला नसता, आणि मीही तुमच्यापुढे ठेवले नसते. हे ग्लास जाड बुडाचे आहेत. मुठीत बसतात. मी पाणी भरून हात मुद्दाम हलवून पाहिला. तुमच्या हाताला कसं जातं ते तुम्हीच सांगा. नाही जमलं तर नाही जमलं.

तर चार ग्लास तुमच्याकडे निघालेत. दोन मी ठेवलेत. सेट मोडला की त्याची किंमत जाते, संग्रह करणारे सगळे हेच सांगतात, आणि मोडलाय तो मीच. पुढे मागे विकायचा विचार करू नका म्हणून. शेजारच्या काकूंचा धाकटा गाडी घेऊन शुक्रवारी निघतोय, रात्री पोचेल. परत पाठवू नका. तो पार्सल परत घेणार नाही, मी त्याला बजावून ठेवलंय.

आईच्या जुन्या सुती साड्यांत गुंडाळलेत, हिरव्या काठाचीसुद्धा. ती विरली होती. ग्लास बाहेर काढलेस की लगेच फडताळात कोंबू नको. पावसात काचेत दमट राहिलं की हळूहळू तिच्यावर पांढरी साय धरते आणि ती घासून जात नाही. कोरडे पुसायचे, एकात एक घालायचे नाहीत, पालथे ठेवायचे नाहीत, काठ नाजूक असतो. वर्तमानपत्र गुंडाळून तर मुळीच नाही. उकळता चहा ओतायचा नाही, तडकतील. चहा स्टीलमधून, पाणी-ताक-सरबत यातून. शिशाची काच असली तर आंबट ठेवू नये म्हणतात. यांना टिचकी मारली तर "टक्" करून गप्प बसतात, शिशाची असती तर घंटेसारखी लांबत राहिली असती. म्हणजे बहुधा सोडा-चुन्याची साधी काच. तरीही कोकम त्यात रात्रभर ठेवू नका, ओतायचं आणि प्यायचं. जलतरंग यांचा होणार नाही, बाबा. जाड आहेत.

आणि चार ग्लासांतला एक आईचा. पाहुण्यांचा नाही, आईचा. रोज.

बाकी नेहमीचंच. पडवीच्या पायऱ्यांवर शेवाळ धरलं असेल, ब्लीचिंग पावडर टाकून गड्याकडून घासून घ्या, बाबांनी स्वतः जायचं नाही. गोळ्यांची डबी भरून झाली की मला फोटो पाठवा. डोळ्यांच्या तपासणीला दापोलीला जायचं पुढे ढकलू नका, पाऊस काय जातच असतो. रात्री लागणारी बॅटरी उशापाशी. मी गणपतीला पाच दिवस आधी येतेय, रजा मंजूर झाली.

तुमची,
बयो

ता. क. आई, पार्सल पोचलं की फोन कर. आणि काही फुटलं असेल तर फुटलं म्हणून सांग.