कलप लावू का, या तुझ्या प्रश्नावरून

प्रिय मित्रा,

सप्रेम नमस्कार.

तुझं पत्र येऊन तीन आठवडे झाले. मधे फोनवर तू विचारलंस, "मुलाखतींना जायच्या आधी केसांना कलप लावू का रे?" आणि मी हसत म्हणालो, "लाव की, बिघडतंय काय!" फोन ठेवला आणि विसरूनही गेलो. गेल्या मंगळवारपासून मात्र ते उत्तर मला टोचतंय. चोपन्नाव्या वर्षी पुन्हा नोकरी शोधणाऱ्या माणसाला इतक्या सहज उडवून लावायला नको होतं. म्हणून आज बैठक मारून लिहायला बसलोय. लांबणार आहे, चष्मा घेऊन बस.

मंगळवारी आमच्याकडे एका जागेसाठी मुलाखती होत्या. पॅनलवर आम्ही तिघं: मी, आमची टीम लीड (तिशीची, कामाला वाघ) आणि एचआरचा एक मुलगा. ते दोघं टी-शर्टात, मी आपला इन केलेल्या शर्टात. चौथा उमेदवार आत आला आणि त्याच्या आधी मला त्याचा शर्ट दिसला. नवाकोरा. त्याच सकाळी खोक्यातून काढलेला असणार, कारण पुठ्ठ्यावरच्या घड्यांच्या रेषा छातीवर आडव्या-उभ्या तशाच होत्या. कॉलरच्या आतली प्लॅस्टिकची पट्टी काढायची राहून गेली होती. ती मानेला टोचत असावी. दर दोन मिनिटांनी तो कॉलरमध्ये बोट घालून जागा करून घ्यायचा. टायची गाठ मुठीएवढी. पट्ट्याचं टोक कमरेला वळसा घालून पाठीशी पोचलेलं. मांडीवर फाईल, आणि तिच्यात प्रत्येक प्रमाणपत्राला स्वतंत्र प्लॅस्टिक.

उत्तरं चोख. आम्ही सगळ्यांना एक मुद्दाम चुका घातलेला अहवाल देतो आणि चुका शोधायला सांगतो. दोन आम्ही घातलेल्या असतात. याने तीन दाखवल्या. तिसरी खरोखरच आमची होती, आणि आजवर कुणाच्याच लक्षात आली नव्हती.

तो बाहेर गेला, दार लागलं. लीड म्हणाली, "चांगला आहे, पण... आपल्यात फिट होईल का?" एचआरचा मुलगा म्हणाला, "हो ना, जरा जास्तच फॉर्मल वाटला." आणि मी मान डोलावली. टाय लावून वीस वर्षं काढलेल्या मी!

घरी येईपर्यंत काही वाटलं नाही. बूट काढताना आठवलं ते सगळं. माझी पहिली मुलाखत, आणि पायात तुझे बूट. तुझा पाय माझ्यापेक्षा मोठा, म्हणून पुढे कागदाचे बोळे कोंबले होते. आत शिरताना उजव्या बुटातला बोळा सरकला आणि मी टेबलापर्यंत लंगडत गेलो, आठवतं? तू बाहेर थांबला होतास, माझ्या चपला घालून. त्या दिवशी समोरच्या तिघांनी माझ्याविषयी काय ठरवलं असेल, ते मी कधी मनातही आणलं नव्हतं. परवा आणलं.

मग रात्री झोप येईना म्हणून वाचत बसलो. प्रिन्स्टन विद्यापीठात जनीन विलिस आणि अलेक्झांडर टोडोरोव्ह यांनी लोकांना अनोळखी चेहरे क्षणभर दाखवले आणि विचारलं, हा विश्वासू वाटतो का, कर्तबगार वाटतो का. २००६ साली त्यांनी निष्कर्ष छापले. सेकंदाच्या दहाव्या हिश्श्यात बनलेलं मत आणि हवा तितका वेळ घेऊन दिलेलं मत, यांत फारसा फरक पडत नाही. जास्त वेळ दिला की वाढते ती मुख्यतः स्वतःच्या मताबद्दलची खात्री. मुलाखतीतला आमचा पाऊण तास कशात जातो, ते मला तेव्हा कळलं.

हे काही आजचं नाही. एडवर्ड थॉर्नडाइक या मानसशास्त्रज्ञाने १९२० सालीच दाखवलं होतं, की सैन्यातले अधिकारी हाताखालच्या माणसांना गुण देताना अंगकाठी, बुद्धी, नेतृत्व आणि चारित्र्य हे सगळं एकाच मापात मोजतात. एकात बरा वाटला की सगळ्यांत बरा. आणि डार्विनचा किस्सा तर तुला आवडेलच. १८३१ मध्ये बीगल जहाजावर जायची त्याची संधी त्याच्या नाकामुळे हुकणार होती. कप्तान फिट्झरॉय चेहऱ्यावरून स्वभाव ओळखण्याच्या विद्येवर विश्वास ठेवणारा. असल्या नाकाच्या माणसात प्रवासाला लागणारी जिद्द असेल का, अशी त्याला शंका. पुढे डार्विनने आठवणींत लिहून ठेवलंय, की आपलं नाक खोटं बोललं होतं याची कप्तानाला नंतर खात्री पटली असावी. नाकाचं नशीब म्हणून वाचलं! (तुझ्या नाकाबद्दल आपण वर्गात काय काय बोलायचो ते इथे लिहीत नाही.)

पण मला खरं सांगायचंय ते वेगळंच. आपण नोकरीला लागलो तेव्हा कपड्यांचे नियम भिंतीवर लावलेले असायचे. गडद पँट, फिका शर्ट, काळे बूट, दाढी रोजच्या रोज. काच होता त्या नियमांचा, शिव्याही घातल्यात आपण. पण ते वाचता येत होते. ज्याच्या घरात कुणी ऑफिसची पायरी चढलं नव्हतं, त्यालाही भिंतीवरचा कागद वाचून, बूट उसने आणून, आत शिरता येत होतं. तू आणि मी तसेच शिरलो.

आता भिंतीवर काही नाही. "काहीही घाला" म्हणतात. पण त्या काहीहीची हद्द इतकी बारीक आखलेली आहे की मला एवढ्या वर्षांनीही ती पुरती दिसत नाही. साधा टी-शर्ट चालतो, पण तो नेमका कसा साधा हवा हे त्यांना गळ्याच्या शिलाईवरून कळतं. बूट खेळाचे हवेत, पण खेळून आलेले नकोत. हे कुणी सांगत नाही, आणि विचारलं तर "अहो सर, तसं काही नसतं" म्हणतात. तसं काही नसेल तर त्या मुलाच्या टायने आमचं काय घोडं मारलं होतं? तो जुना कागद वाचून आला होता, बस्स. तो कागद आम्ही फाडला आणि त्याला कळवलंच नाही.

गोल्डमन सॅक्ससारख्या सुटाबुटातल्या बँकेनेसुद्धा मार्च २०१९ मध्ये पोशाखाचे नियम सैल केले. त्या पत्रकाचा सूर असा, की कामाच्या जागी काय शोभतं आणि काय नाही ते आपल्या सगळ्यांना ठाऊकच आहे. ते वाचून मी मोठ्याने हसलो. 'सगळ्यांना ठाऊक' म्हणजे जे आधीपासून आत आहेत त्यांना. त्यामानाने मला जनरल मोटर्सच्या मेरी बारांची गोष्ट पटली. पुढे त्या कंपनीच्या प्रमुख झाल्या, पण मनुष्यबळ विभागाच्या प्रमुख होत्या तेव्हा त्यांनी पोशाखाची दहा पानांची नियमावली काढून तिथे दोन शब्द ठेवले: शोभेलसं घाला. त्यावर एका अधिकाऱ्याने तक्रार केली, की माझ्या माणसांना कधीकधी ऐनवेळी सरकारी लोकांसमोर जावं लागतं, जीन्सवर कसं जायचं? बाईंनी नियम वाढवला नाही, माणसांशी बोलायला सांगितलं. त्यांनी आपसात ठरवलं, की एकेक चांगली पँट लॉकरमध्ये ठेवून द्यायची. झालं! कुणीतरी तोंड उघडून बोललं, एवढाच तिथे फरक.

बायकांच्या बाबतीत तर नियम गेले तरी शेरे गेले नाहीत. बुधवारी मी लीडशी या सगळ्यावर बोललो, तर ती म्हणाली, "सर, तुम्ही गेली तीन वर्षं तेच चार शर्ट घालताय, कुणाच्या लक्षात तरी आलं का? मी एक ड्रेस आठवड्यात दोनदा घालून बघू?" गप्प बसलो. (चार नाहीत, पाच आहेत.) अमेरिकेत अ‍ॅन हॉपकिन्स नावाच्या बाईंनी प्राइस वॉटरहाउस या हिशेब तपासणाऱ्या कंपनीला मोठं सरकारी काम मिळवून दिलं होतं. त्या कंपनीतली त्यांची भागीदारी लांबणीवर पडल्यावर त्यांना सल्ला मिळाला: चालण्याबोलण्यात बाईपणा आणा, मेकअप करा, केस सेट करा, दागिने घाला. बाई कोर्टात गेल्या, आणि १९८९ साली तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने असल्या साचेबंद अपेक्षा म्हणजे भेदभावच असं मानलं. एवढं होऊनही २०१५ मध्ये लंडनला निकोला थॉर्प या रिसेप्शनिस्टला उंच टाचांचे बूट घालत नाही म्हणून पहिल्याच दिवशी बिनपगारी घरी पाठवलं. तिच्या अर्जावर दीड लाखाच्या वर सह्या झाल्या आणि २०१७ मध्ये तिथल्या संसदेत टाचांवर चर्चा झाली. जपानमध्ये २०१९ साली युमी इशिकावा या बाईने याच टाचांविरुद्ध 'कुटू' ही मोहीम काढली. बूट आणि वेदना या दोन जपानी शब्दांचे उच्चार जवळजवळ सारखे, त्यावरची ती कोटी. उसन्या बुटांचं दुःख तुला-मला एक दिवसाचं होतं, या बायकांना रोजचं.

आता जे लिहितोय ते तुला कधी सांगितलं नव्हतं. बारा-तेरा वर्षांपूर्वी माझ्या हाताखाली एक मुलगी होती. मनगटापासून कोपरापर्यंत गोंदलेली वेल. बारीक पानं, मधे एक छोटा पक्षी. बाहेरून मोठी मंडळी यायची होती, म्हणून मी तिला सकाळी म्हटलं, "आज बाही जरा खाली घे." एवढंच. आवाजही चढवला नव्हता. तिने बाही खाली ओढली, बटण लावलं. ते बटण त्यानंतर वर्षभर उघडलं नाही. उन्हाळ्यात वीज जायची, आम्ही सगळे कागदाने वारा घेत बसायचो, आणि ती मनगटापर्यंत बंद बाहीत टाइप करत असायची. पुढे ती सोडून गेली. कारण विचारलं तेव्हा "पगार" म्हणाली, मीही तेवढ्यावर समाधान मानलं. परवापर्यंत.

आज एअर न्यूझीलंडसारखी विमान कंपनी कर्मचाऱ्यांना अंगावरचं गोंदण उघडं ठेवू देते, २०१९ पासून. आमच्या सध्याच्या साहेबांच्या मनगटावर तर होकायंत्र आहे, आणि मीटिंगमध्ये त्याचं कौतुक करणाऱ्यांत मी पहिला होतो.

मंगळवारच्या त्या मुलाचं पुढे काय, हे तू विचारणारच. लीडला मी सरळ विचारलं, "फिट होणार नाही म्हणजे नेमकं काय जमणार नाही त्याला?" ती बराच वेळ थांबली, मग म्हणाली, "खरं सांगू? माहीत नाही. टाय बघून तसं वाटलं." मला तिचा अभिमान वाटला, कारण माझ्या तोंडून हे वाक्य बाहेर पडायला बारा वर्षं लागली. येत्या गुरुवारी दुसरी फेरी आहे. एवढं ठरवलंय, की तिघांनी आपापले गुण आधी कागदावर लिहायचे, कागद एचआरकडे द्यायचे, आणि मगच एकमेकांशी बोलायचं. अमेरिकेतल्या मोठ्या वाद्यवृंदांनी १९७० आणि ८०च्या दशकांत निवड करताना वादक आणि परीक्षक यांच्यात पडदा लावायला सुरुवात केली. चालण्याच्या आवाजावरून बाई की पुरुष ते कळू नये, म्हणून काही ठिकाणी खाली गालिचा अंथरायचे. आम्हाला पडदा लावता येणार नाही. कागद तरी लावू. घेतील की नाही, देव जाणे.

त्या मुलाला निरोप पाठवताना एचआरच्या पोराला म्हटलं, "कपड्यांचंही लिही त्यात. इथे रोज जे घालतात ते घालून ये, टायची गरज नाही." तो म्हणाला, "सर, असं कधी लिहीत नाही आपण." म्हटलं, म्हणूनच लिही.

आता तुझा कलप. लोक पांढरे केस बघणार नाहीत, असं मी तुला सांगणार नाही. बघतात. मी बघतो. तुझ्या वयाचा अर्जदार समोर आला की मनात पहिला विचार येतो, हा शिकायला तयार असेल का. आणि त्याच वेळी माझ्या शेजारी बसलेली पोरं माझ्याबद्दल तोच विचार करत असतात. लावलास तर त्यात लाज नाही. आपण बूट उसने घेतले होते, रंग विकत घेतलास तर काय झालं? आणि खरं सांगायचं तर मी स्वतः मिशीला लावतो. सहा वर्षं. घरात माहीत आहे, बाहेर तू पहिला.

पण बायोडेटावरचा फोटो तेवढा काढून टाक. पदवीचं सालही काढ, ते कुणी मागितलेलं नसतं. गेल्या पाच वर्षांतलं काम वर आण. तू ते तिसऱ्या पानावर पुरून ठेवलंयस, आणि तिसऱ्या पानापर्यंत आम्ही कुणीच जात नाही. कॅमेऱ्यावर मुलाखत असली तर उजेड तोंडावर येईल असा बस. हल्ली माणसाच्या मागची भिंतसुद्धा वाचतात, तेव्हा ते कपाटावर रचलेले खोके हलव. आणि जायच्या आधी बेधडक विचार, "तुमच्याकडे लोक काय घालून येतात?" विचारण्यात कमीपणा नाही. सांगायला हवं होतं ते त्यांनी.

वहिनींना नमस्कार सांग. पुढच्या आठवड्यातली तुझी मुलाखत समोरासमोर आहे म्हणालास, तर माझ्याकडे एक काळ्या बुटांचा जोड पडून आहे, दोनदाच घातलेला. तुला एक नंबर लहान होईल, आणि त्यात बोळे कोंबून काही होणार नाही. तरी विचारून ठेवतो.

तुझाच,
लंगडत आत गेलेला